‘रणनीती’ कशाला, ‘धोरण’ आहे की!

वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका मोठ्या औषध कंपनीत काम करणाऱ्या ताईंनी विचारलं आहे: कंपनीच्या मराठी पत्रकात ‘स्ट्रॅटेजी’साठी कधी रणनीती, कधी व्यूहरचना, कधी धोरण येतं, यातलं बरोबर कोणतं? ‘पॉलिसी’ला धोरण म्हटलं तर ‘स्ट्रॅटेजी’ला काय उरतं? आणि ‘मॅनेजमेंट’ला प्रबंधन चालेल का?

शेवटचं आधी. प्रबंधन चालणार नाही. मराठीत प्रबंध पीएच.डी.साठी लिहितात. व्यवस्थापन म्हणा, नाहीतर सरळ कारभार म्हणा.

आता रणनीती. हा शब्द हिंदी बातम्यांतून आला आणि कंपन्यांच्या मराठीत ठाण मांडून बसला. गेल्या महिन्यात पणजीत एका कंपनीच्या कार्यक्रमाला बसलो होतो. विक्रीची रणनीती झाली, भरतीची झाली, मग कँटीनच्या कंत्राटाचीही आली. कँटीनवाल्याशी कसलं रण? शेजारी बसलेले गृहस्थ म्हणाले, ‘मूळ इंग्रजी शब्दच लष्करी आहे ना!’ आहे. ग्रीक भाषेत स्ट्रॅटेगॉस म्हणजे सेनापती. अथेन्समध्ये असे दहा दरवर्षी निवडून देत. पण शब्दाचं माहेर पाहून भाषांतर करायचं नसतं, आज तो कुठे नांदतो ते पाहून करायचं असतं.

अमेरिकेतल्या ड्यू पाँ कंपनीचंच बघा. स्फोटकांचा हा जुना कारखानदार पहिल्या महायुद्धात अफाट वाढला. युद्ध संपलं, दारूगोळ्याची मागणी बसली, आणि उभारलेले कारखाने, माणसं, पैसा यांचं करायचं काय हा प्रश्न आला. कंपनी रंग आणि रसायनांकडे वळली. मग लक्षात आलं की स्फोटकं विकणाऱ्या मध्यवर्ती कचेरीला रंग विकणं जमत नाही. १९२१ साली प्रत्येक मालाचा वेगळा विभाग करून त्याला स्वतंत्र व्यवस्थापक दिला. आल्फ्रेड चँडलर यांनी १९६२ साली ड्यू पाँसह चार कंपन्यांचा अभ्यास मांडला, तेव्हापासून व्यवस्थापनशास्त्रात ‘स्ट्रॅटेजी’ हा शब्द पक्का रुजला. त्यांनी अर्थ दिला तो असा: लांबचं उद्दिष्ट ठरवणं, वाट ठरवणं आणि त्यासाठी साधनं वाटून देणं. यात रण कुठे आहे? ड्यू पाँला तर रण संपल्यावरच याची गरज पडली.

व्यूहरचनेबद्दल वाणिज्याच्या प्राध्यापकांशी माझं जुनं भांडण आहे. व्यूह एका दिवसाच्या लढाईचा असतो. महाभारतातला द्रोणाचार्यांचा चक्रव्यूह तेराव्या दिवशीचा, चौदाव्या दिवशी त्यांनीच दुसरा रचला. दहा वर्षांच्या वाटचालीला हा शब्द कसा पुरेल?

धोरण मात्र पुरतो, आणि का पुरतो ते सांगताना मला दरवेळी नव्याने आनंद होतो. संस्कृतच्या धातुपाठात, म्हणजे क्रियापदांच्या मुळांच्या यादीत, ‘धोर्’ असा धातू आहे. अर्थ दिला आहे ‘गतिचातुर्य’: नुसतं चालणं नव्हे, चतुराईने चालणं. अमरकोशात वाहन, यान यांच्या पंक्तीत धोरण हा शब्द बसवला आहे, आणि घोड्याच्या पाच चालींत आहे धौरितक, म्हणजे दुडकी. दुडकीत घोड्याचा पुढचा एक पाय आणि त्याच्या तिरका मागचा पाय एकदम उचलला जातो, मग दुसरी जोडी. दोन ठोक्यांची ही एकसारखी चाल घोडा न थकता लांबवर टिकवतो. त्याच पाच चालींत आणखी एक आहे वल्गित, म्हणजे उड्या मारत जाणं. आपली वल्गना त्याच वल्ग् धातूची! कंपनीच्या दशवार्षिक कागदावर ‘आम्ही जगात पहिले होणार’ एवढंच असेल तर ती वल्गना. कोणत्या पावलामागून कोणतं पाऊल आणि दम कुठवर पुरेल हे असेल, तर ते धोरण. एकाच तबेल्यातले हे दोन शब्द!

आणि ‘मॅनेज’ तरी कुठला? इटालियन मानेज्जारे, म्हणजे हाताने घोडा फिरवणं, वळवणं. इंग्रजीत सोळाव्या शतकात आला तो घोड्यासाठीच. पोर्तुगीज मानेजार त्याच घरातला.

घोड्याच्या चालीवरून वागण्याच्या चालीवर धोरण हा शब्द कसा आला? माझं मत असं की तो पागेतून आला. दख्खनच्या सत्तांना अरबी घोडा समुद्रावरून यायचा, आणि त्याचं एक मोठं बंदर आपलं गोवं. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवं घेतलं तेव्हा हा व्यापारही हातात घेतला. जिथे घोड्यावर राज्य टिकायचं, तिथे चाल राखणारा तो धोरणी ठरणारच. शिगम्यात डिचोलीला घोडेमोडणीचा नाच बघा. कमरेला लाकडी घोडा, एका हातात लगाम, दुसऱ्यात तलवार, आणि ढोल-ताशाच्या ठोक्यावर पावलं. तलवार वर जाते तेव्हाही पाऊल ठोका सोडत नाही.

फोंड्यातले माझे एक संस्कृतज्ञ स्नेही धोरण ‘धुरा’वरून काढतात. नाही हो. धुरेपासून धुरीण होतो, धुरंधर होतो. धोरणातला ‘अन’ हा प्रत्यय धातूला लागतो, गम् वरून गमन तसा धोर् वरून धोरण, आणि ‘र’मुळे ‘न’चा ‘ण’. शिवाय संस्कृतात धोरणी म्हणजे अखंड ओळ, परंपरा. हेन्री मिंट्झबर्ग या कॅनेडियन अभ्यासकांनी १९७८ साली ‘स्ट्रॅटेजी’चा अर्थ सांगितला तो निर्णयांच्या ओघात दिसणारी सुसंगती असा. धोरणीत तो आधीच बसलेला आहे. धुरेत तो कुठून आणणार?

राहिली पॉलिसी. ताई, तुमच्या पत्रकातलं ‘रजा धोरण’ काढून ‘रजेचे नियम’ लिहा. वर्षाला किती रजा, अर्ज कोणाकडे, याला धोरण लागत नाही. सरकारचं शैक्षणिक धोरण ठीक आहे, कारण तिथे वाट ठरवलेली असते. ‘टॅक्टिक्स’ला डावपेच, कुस्तीच्या आखाड्यातला चोख शब्द आहे, त्याला हात लावू नका.