घरबसल्या करायचा कोर्स निवडताना आधी काय बघावं?

नोकरी सांभाळून अकाउंटिंगचा दूरस्थ कोर्स करायचाय, तीन संस्थांची माहितीपत्रकं समोर आहेत आणि तिन्ही सारखीच वाटतात, असं तुम्ही लिहिलंय. मी काही वर्षं एका दूरस्थ शिक्षण संस्थेसाठी विद्यार्थ्यांचे स्वाध्याय तपासत होतो. त्यामुळे हे मत तपासनिसाचं आहे, असं धरून वाचा.

मी आधी एकच गोष्ट विचारेन: मी सोडवलेलं कोण वाचणार आणि वाचून मला काय सांगणार? व्हिडिओ किती तासांचे, ॲप कसं दिसतं, हे सगळं त्यानंतर. आयझॅक पिटमन यांनी १८४० मध्ये इंग्लंडमध्ये पोस्टाने लघुलेखन शिकवायला घेतलं, तेव्हा शिकणारे उतारा लघुलिपीत लिहून पाठवत आणि तो तपासून परत येई. त्या जाण्यायेण्यातच शिकणं होतं. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाचं शिकवणं १९७१ मध्ये सुरू झालं. लोकांना त्याची टीव्हीवरची व्याख्यानं आठवतात, पण विद्यार्थ्यांचा अभ्यास पुढे सरकायचा तो शिक्षकाने तपासून परत पाठवलेल्या स्वाध्यायांवर.

तुमच्या विषयात तर याला फारच महत्त्व आहे. समजा, यंत्र खरेदी केलं आणि तुम्ही ती रक्कम दुरुस्ती खर्चात टाकली. नावे-जमा बरोबर, तेरीज (सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा बाकींची यादी) चोख जुळते, तुम्ही खूश. पण नफा कमी दिसतोय, ताळेबंदात मालमत्ता कमी दिसतेय आणि घसारा (वापरामुळे दरवर्षी घटणारी किंमत) काढायला यंत्रच नाही! पर्याय निवडायच्या ऑनलाइन चाचणीत ही चूक बहुधा सापडणारच नाही, कारण तिथे नोंद तुम्ही करत नाही, केलेली ओळखता. माणसाने तुमची किर्द (रोजच्या नोंदींची वही) पाहिली तरच तो म्हणेल, 'हा खर्च भांडवली की महसुली, म्हणजे वर्षानुवर्षं वापरायच्या वस्तूवरचा की रोजच्या कामकाजाचा, आधी ठरवा.'

म्हणून तिन्ही संस्थांकडे तपासलेल्या स्वाध्यायाची एक प्रत मागा, विद्यार्थ्याचं नाव झाकून. 'चांगला प्रयत्न, ७/१०' एवढाच शेरा दिसला तर त्या तपासणीचा उपयोग नाही. (आम्हीही शेवटच्या आठवड्यात गठ्ठे येऊन पडले की शेरे आखूड करायचो, खोटं कशाला बोलू.) स्वाध्याय किती दिवसांत परत येतो, तेही विचारा. पुढचे दोन धडे संपल्यावर आलेली दुरुस्ती कुणी फारशी वाचत नाही.

प्रमाणपत्राचं वेगळं. ते कुणाला दाखवायचंय, हे आधी ठरवा आणि त्यालाच विचारा: नोकरी देणाऱ्याला, पुढच्या विद्यापीठाला किंवा व्यावसायिक संघटनेला. जमलं तर उत्तर लेखी घ्या. संस्थेला मान्यता आहे म्हणजे तिच्या प्रत्येक कोर्सला आहे असं नाही, आणि एखादा कोर्स वर्गात मान्य असला तरी त्याच्या दूरस्थ रूपाला मान्यता असेलच असंही नाही. माहितीपत्रकातल्या लिंकवर विसंबू नका, नियामक संस्थेच्या यादीत स्वतः शोधा. पदव्या विकणाऱ्या काही टोळ्या मान्यता देणारी खोटी मंडळंही स्वतःच काढतात. परीक्षा न घेता 'तुमच्या अनुभवावर' पदवी देऊ म्हणणारा भेटला तर तिथून निघा.

वेळेचा हिशेब क्रेडिटवरून (कोर्सला लागणारा अभ्यास मोजायचं एकक) करा, 'दिवसाला फक्त अर्धा तास' या जाहिरातीवरून नको. युरोपातल्या ईसीटीएस पद्धतीत एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचा अभ्यास. म्हणजे १० क्रेडिटना २५० ते ३०० तास. नोकरीतून आठवड्याला ६ तास काढलेत तरी जवळजवळ वर्ष जातं. दुसऱ्या पद्धतीत क्रेडिटचे तास वेगळे असू शकतात, ते विचारून घ्या.

'तुमच्या सवडीने शिका' हे ऐकायला छान वाटतं. तुमच्यामागे लागणारं कुणी नसेल तर मी मात्र तारखा ठरलेला कोर्स घेईन. माझ्याकडे पहिला स्वाध्यायच न पाठवलेले बरेच जण पुढे कधी दिसले नाहीत.

एक धडा नमुन्यादाखल वाचायला मिळाला तर सोडू नका. चांगल्या स्वयंअध्ययन साहित्यात दर दोन-चार पानांवर थांबवून काहीतरी सोडवायला लावतात आणि उत्तर कसं आलं तेही पुढे देतात. वर्गातल्या स्लाइड्सचीच पीडीएफ करून पाठवली असेल तर ते लगेच कळतं.

बाकी राहिलं ते फीबद्दल: अर्ध्यात थांबलात तर किती परत, मुदतवाढीला किती, फेरपरीक्षेला किती, आणि परीक्षा घरून की केंद्रावर. हे सगळं एकाच मेलमध्ये तिघांनाही विचारा. फोनवर नको. फोनवर सगळेच 'हो' म्हणतात.