वडिलांच्या फौजेच्या नोंदीत आईचं नाव आणि जन्मतारीख चुकली आहे, आता दुरुस्त होईल का?

ताई, तुमचा प्रश्न मला असा समजला. वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीतून १९९२ साली नाईक म्हणून पेन्शनवर आले. पीपीओत, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशात, आईचं नाव नुसतं 'अनुसया' आहे, आधारवर 'अनसूया' आणि पुढे वडिलांचं नाव, आडनाव. आईच्या जन्मतारखेत ६ वर्षांचा फरक. वडिलांची स्वतःची तारीखही शाळेच्या दाखल्यापेक्षा २ वर्षं पुढची. आणि गावात सगळे म्हणतात, ३० वर्षांपूर्वीची चूक आता कोण बदलणार.

बदलते. मी २२ वर्षं फौजेत क्लार्क होतो, त्यातली काही रेकॉर्ड ऑफिसात, म्हणजे जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयात काढली. निवृत्त झाल्यावर आमच्या सातारा जिल्ह्यात अशा बऱ्याच जणांचे अर्ज लिहून दिले. त्यामुळे आधी हेच सांगतो: हे काम वडील हयात आहेत, सही करू शकतात, तोवर करा. पुढच्या महिन्यात नको, या आठवड्यात सुरू करा. आज अर्जदार खुद्द पेन्शनर आहे. 'ही माझी बायको, तिचं नाव असं' एवढं तो लिहून देतो आणि त्याच्या शब्दाला वजन असतं. उद्या ते नसले तर तुमच्या आईला स्वतःच स्वतःची ओळख सिद्ध करत बसावं लागेल, तेही दुःखाच्या दिवसांत.

आमच्या भावकीतल्या चुलतीचं हेच झालं. लग्नात सासरी नाव बदललेलं. चुलत्यांनी फौजेत माहेरचं नाव सांगितलं होतं, आधार आणि बँक मात्र सासरच्या नावाने. चुलते गेल्यावर फॅमिली पेन्शन अडकली. दोन्ही नावांची बाई एकच, हे दाखवायला प्रतिज्ञापत्र, सरपंचांचा दाखला, माहेरच्या माणसांचे जबाब, सगळं गोळा करता करता वर्ष गेलं. ती बाई वर्षभर मुलांकडे हात पसरत होती. चुलत्यांच्या हयातीत एक अर्ज गेला असता तर यातलं काहीच झालं नसतं. माझ्या हाताशी सगळं असून मी वेळेत विचारलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

चूक होते कशी ते समजून घ्या, म्हणजे ती कुठे शोधायची ते कळेल. जवान सुट्टीवर येऊन लग्न करायचा, परत गेल्यावर युनिटच्या क्लार्कला तोंडी सांगायचा. क्लार्क कधी बिहारचा, कधी केरळचा. तो ऐकलं तसं इंग्रजीत टाइप करायचा. आपला 'ज्ञानू' हिंदी कानाला 'ग्यानू' होतो, 'ळ' चा 'ल' होतो, 'सखूबाई'ची 'शकूबाई' होते. बायकोचं पहिलं नाव तेवढं लिहायची पद्धत होती, आपल्यासारखी तीन पदरी नावं नाहीत. त्या नोंदीचा पार्ट टू ऑर्डर, म्हणजे युनिटचा लेखी आदेश, निघायचा, तो रेकॉर्ड ऑफिसात जायचा, तिथून शीट रोलमध्ये, म्हणजे जवानाच्या नोकरीच्या नोंदपत्रकात, आणि पेन्शनच्या वेळी पीपीओत. पूर्वी बँकेतला माणूस चेहरा ओळखायचा, चालून जायचं. आता 'स्पर्श' या फौजेच्या ऑनलाइन पेन्शन यंत्रणेत संगणक अक्षरं जुळवतो.

म्हणून दुरुस्ती उगमापासून खाली यावी लागते. बँकेत किंवा सायबर कॅफेत जाऊन ती होत नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे. तिथून दुरुस्तीचा पार्ट टू ऑर्डर निघाला की प्रकरण प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयाकडे जातं आणि दुरुस्त पीपीओ येतो, त्याला कॉरिजेंडम म्हणतात. वाचणाऱ्यांत दुसऱ्या रेजिमेंटची माणसं असतील तर महारचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. डिस्चार्ज बुकावर, म्हणजे फौज सोडताना मिळालेल्या पुस्तकावर, बघून खात्री करा.

पण पहिली फेरी बेळगावची नको. आधी तुमच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. तिथे फौजेतून आलेलीच माणसं असतात, पैसे लागत नाहीत, आणि त्यांच्या शिफारसपत्रासह गेलेला अर्ज परत येण्याची शक्यता कमी. रेकॉर्ड ऑफिसची कागदांची यादी त्यांच्याकडून घ्या, कारण प्रतिज्ञापत्र नोटरीचं चालेल की मॅजिस्ट्रेटसमोरचं लागेल हे त्यातूनच कळतं. साधारणपणे वडिलांचा सहीचा अर्ज, प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रातल्या नावदुरुस्तीच्या जाहिरातीची कात्रणं, दोघांचे आधार आणि पॅन, डिस्चार्ज बुक आणि पीपीओच्या प्रती, जोडीचा फोटो एवढं लागतं. मूळ डिस्चार्ज बुक पोस्टाने कधीही पाठवू नका. प्रत्येक पानावर वर आर्मी नंबर, हुद्दा, नाव, पीपीओ नंबर लिहा. कागद सुटे होतात, आणि नंबर नसलेलं पान कोणाच्याच फायलीला लागत नाही. मी अशी पानं पाहिली आहेत.

प्रतिज्ञापत्र करण्यापूर्वी घरी बसून इंग्रजी स्पेलिंग एकदाच ठरवा. आधार, पॅन, बँक, जाहिरात, अर्ज, सगळीकडे तेच अक्षर न् अक्षर. सगळ्यात जास्त अर्ज इथे फसतात: जुनी चूक काढायला जातात आणि नव्या कागदात तिसरंच स्पेलिंग घालून येतात.

काही जण सल्ला देतील की फौजेचं राहू द्या, आधारच बदलून पीपीओसारखं करा. नावाच्या बाबतीत मला हे पटत नाही. सातबारा, बँक, मुलांचे दाखले सगळे आईच्या खऱ्या नावावर असतील, तर एक गाठ सोडवायला चार नव्या बसतील. आणि आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच.

तारखेचं मात्र वेगळं आहे. आधारवर आईची तारीख १ जानेवारी आहे का बघा. शाळेत न गेलेल्या बायकांचं वय आधार काढताना अंदाजे सांगितलं गेलं आणि संगणकाने १ जानेवारी घातली, असं खेडोपाडी झालं आहे. तसं असेल आणि फौजेतली तारीख लग्नाच्या वेळची असेल, तर आधार सुधारणं जास्त योग्य. दोन्हींतली खरी कुठली हे आईच्या भावंडांच्या दाखल्यांवरून ताडून बघा. ही तारीख क्षुल्लक समजू नका. फॅमिली पेन्शन घेणाऱ्या विधवेला वयाच्या ८० व्या वर्षी २० टक्के जादा पेन्शन सुरू होते, ८५ ला ३० टक्के, ९० ला ४० टक्के. चुकीच्या तारखेने ही वाढ ६ वर्षं पुढे ढकलली गेली तर ते पैसे तिच्या हातचे गेले.

वडिलांच्या स्वतःच्या तारखेसाठी मात्र धडपडू नका. भरतीच्या वेळी नोंदलेली आणि पूर्ण नोकरी जिच्यावर झाली ती तारीख निवृत्तीनंतर बदलत नाहीत. न्यायालयंही इतक्या उशिराच्या मागण्या मान्य करत नाहीत. त्यांची जादा पेन्शन फौजेच्या तारखेप्रमाणेच, म्हणजे २ वर्षं उशिरा मिळेल. मनाला लागतं, पण ते प्रकरण आईच्या अर्जात मिसळलंत तर आईचाही अर्ज लटकेल.

अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा. दोन-तीन महिन्यांत उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात १० रुपयांत अर्जाची स्थिती विचारा, पार्ट टू ऑर्डरची प्रतही मागा. एजंटला पैसे देऊ नका, आणि स्पर्शचा ओटीपी कोणी कितीही गोड बोलून मागितला तरी देऊ नका. दुरुस्त पीपीओ आला की ईसीएचएस कार्ड (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं) आणि बँकेतलं नावही लगेच जुळवून घ्या.

वडिलांना प्रवास झेपत असेल तर बेळगावला एकदा सोबत घेऊन जा. पत्राला लागणारे आठवडे समोरासमोर वाचतात, कुठला कागद कमी आहे ते तिथल्या तिथे कळतं. माजी सैनिकाचं ओळखपत्र आणि मूळ डिस्चार्ज बुक त्यांच्या स्वतःच्या हातात द्या. आणि तिथल्या क्लार्कशी त्यांनाच बोलू द्या, तुम्ही मागे थांबा.