दर सोमवारी नाकात काडी

प्रश्न : आमच्या कार्यालयात दर सोमवारी कोरोनाची आरटी-पीसीआर चाचणी सक्तीची आहे. नाकातून खोलवर स्वॅब दिला नाही, तर आत सोडत नाहीत आणि दिवस बिनपगारी धरतात. माझ्या नाकाच्या वाकड्या पडद्याचं ऑपरेशन झालं आहे. गेल्या दोन्ही सोमवारी काडी घातल्यावर रक्त आलं. एचआरमध्ये सांगितलं, तर ‘नियम सगळ्यांना सारखा’ एवढंच उत्तर मिळालं. मला चाचणी टाळायची नाही, पण दुसरा मार्ग नाही का? आणि माझा रिपोर्ट कोण कोण वाचतं?
– एक वाचक

उत्तर : मी कारखान्यात डॉक्टर असताना एका कामगाराने काडी दिसताच मान फिरवली. कारणं सांगतोय असं समजून मी त्याला रांगेसमोर बोललो. त्याने खिशातून नाकाच्या ऑपरेशनचा कागद काढला. तेव्हापासून काडी हातात घेण्याआधी मी दोन गोष्टी विचारत आलो : नाकाचं काही ऑपरेशन? रक्त पातळ करणारी गोळी? तुम्हाला हे कुणी विचारलं नाही, ही चूक चाचणी घेणाऱ्यांची आहे.

दुसरा मार्ग आहे. पीसीआर लाळेवरही होते. ‘लाळेची चाचणी खरी नाही’ असं कुणी म्हणालं, तर सांगा की येल विद्यापीठाच्या लाळेवरच्या चाचणीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑगस्ट 2020मध्येच तातडीच्या वापराची परवानगी दिली होती. फक्त आधी अर्धा तास खाणं-पिणं, दात घासणं नको. नाकाच्या पुढच्या भागातला स्वॅबही चालतो. काडी जेमतेम दोन सेंटिमीटर आत जाते आणि ती आपली आपण फिरवता येते.

अँटिजेन चाचणीचा निकाल साधारण पंधरा ते तीस मिनिटांत मिळतो, पण विषाणू कमी असेल तर ती चुकते. म्हणून निगेटिव्ह आल्यावर 48 तासांनी पुन्हा करायची. पीसीआरचं उलट आहे. बरं झाल्यावरही विषाणूचे निर्जीव तुकडे तिला कित्येक आठवडे, कधी तीन महिन्यांपर्यंत सापडू शकतात. नुकताच कोरोना होऊन गेला असेल, तर ते आधीच सांगा, नाहीतर विनाकारण घरी बसाल.

आता अर्ज. तोंडी बोलू नका, लेखी द्या. सोबत तुमच्या डॉक्टरांची चिठ्ठी जोडा : ‘नाकातून खोल स्वॅब घेऊ नये, लाळ चालेल.’ एवढंच पुरे, ऑपरेशनचे कागद एचआरला कशाला? रिपोर्टचंही तसंच. कामावर यायचं की नाही, इतकंच साहेबांना कळायला हवं. सीटी व्हॅल्यू, म्हणजे विषाणू किती प्रमाणात सापडला याचा अंदाज देणारा आकडा, त्यांच्या कामाची नाही. रिपोर्ट कुणाकडे जातो आणि किती दिवस ठेवतात, हेही त्याच अर्जात विचारा.

बिनपगारी दिवसाचा नियम मला मुळीच पटत नाही. पगार कापला जाणार म्हटल्यावर माणसं ताप लपवून कामावर येतात, हे मी दारावर उभं राहून पाहिलं आहे. अर्जात हे जरूर लिहा, शक्य तर सहकाऱ्यांच्याही सह्या घ्या.

येत्या सोमवारच्या आधी तुमच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना नाक दाखवून या. पुन्हा रक्त आलंच, तर मान मागे टाकू नका. पुढे वाकून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं दाबून धरा. तरीही थांबलं नाही, तर थेट दवाखाना गाठा.