अमेरिकेत पाळलेले पक्षी सोडून त्यांची शिकार करतात, ती खरी शिकार म्हणायची का?

माझ्या मते नाही. नेमबाजीचा आणि कुत्र्याच्या तालमीचा तो सराव आहे, आणि तसं म्हणून केला तर त्यात फसवणूक नाही.

तिकडे यासाठी खासगी राखीव रानं असतात. फेझंट (लांब शेपटीचा, कोंबडीच्या कुळातला पक्षी), बॉबव्हाइट जातीचा लावा आणि चकोर हे तिथले नेहमीचे पक्षी. (चकोर मूळचा आपल्या उपखंडाकडून तिकडे नेलेला, फेझंट चीनमधून, १८८१ साली तो ओरेगॉनमध्ये आला.) पिल्लं अंड्यांतून यंत्रात काढतात आणि वर जाळी घातलेल्या लांबलचक पिंजऱ्यांत वाढवतात, म्हणजे पंखांत बळ येतं.

कुत्रा शिकवायचा असेल तेव्हा सकाळी माणूस पक्ष्याचं डोकं पंखाखाली दाबतो, त्याला हलकेच गोल फिरवतो आणि गुंगलेला पक्षी गवताच्या बुडख्याशी ठेवतो. थोड्या वेळाने कुत्रा वास घेत येतो आणि एक पाय उचलून दगडासारखा थबकतो. ते पाहताना मात्र श्वास रोखला जातो, हे कबूल करायला हवं.

पण नीट वाढवलेला नसेल तर पक्षी उडतच नाही, माणसाच्या पायाशी घुटमळतो. अशा पक्ष्यावर बंदूक चालवणं मला अजिबात पटत नाही. गोळीतून वाचलेल्या पक्ष्यांतलेही बहुतेक कोल्ह्या-ससाण्यांच्या तोंडी जातात, कारण शत्रू ओळखायला शिकवणारी आईच त्यांना मिळालेली नसते. त्यामुळे ‘यातून रानातली संख्या वाढते’ हा दावा टिकत नाही. त्यासाठी गवताळ रानच राखावं लागतं.