वॉश बेसिनचं पाणी फार हळू उतरतं, पावडर टाकली तरी पुन्हा तेच. प्लंबर न बोलावता काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की फ्लॅट भाड्याचा आहे, तिसरा मजला, बेसिनला दाबून उघडझाप होणारं झाकण आहे, पाणी जाताना गुडगुड आवाज येतो आणि पावडर टाकली की चार दिवस बरं चालतं. माझं साताऱ्यात हार्डवेअरचं दुकान आहे. ती पावडर मीही विकतो, आणि ती नेणारं गिऱ्हाईक महिनाभरात परत येतं हेही बघतो. तेव्हा धंद्याच्या विरोधात जाऊन सांगतो: पावडर बाजूला ठेवा आणि आधी पाणी नेमकं कुठं अडतंय ते शोधा.

त्यासाठी एक बादली पुरते. बेसिनखालून जो लवचीक वेस्ट पाइप येतो, तो बहुतेक घरांत फरशीतल्या जाळीत किंवा तिच्या शेजारच्या भोकात सोडलेला असतो. तुम्ही पावडर वापरलेली आहे, म्हणून पाइपला हात लावायच्या आधी नळ चांगला पाच-दहा मिनिटं सोडा, रबरी हातमोजे घाला, डोळ्यांवर चष्मा असू द्या. पावडर म्हणजे कॉस्टिक सोडा. आत साचलेलं पाणी डोळ्यात उडालं तर खेळ महागात पडेल. मग पाइपचं खालचं टोक वर ओढा, बादलीत धरा, बेसिन निम्मं भरा आणि झाकण उघडा. टोक बादलीतल्या पाण्यात बुडू देऊ नका. पाणी धो धो आलं तर बेसिन निर्दोष, चोकअप पुढे फरशीत आहे. तरीही रडतखडत आलं तर दोष वरच, आणि तो तुमच्या हातानं निघण्यासारखा आहे.

दोष वर असेल तर पहिला संशय झाकणावर. दाबायचं झाकण दिसायला छान, पण त्याच्या मधल्या दांड्याला केस गुंडाळले जातात आणि त्यावर पेस्ट, साबण, दाढीचा फेस बसत जातो. बरीचशी झाकणं डावीकडे फिरवली की हातात येतात. आतून जे निघेल ते बघून जेवण जाईल, पण तुमचं निम्मं काम तिथंच होतं. जुन्या पद्धतीच्या कपलिंगला, म्हणजे साखळीचा रबरी बूच असतो त्याला, आत आडव्या पट्ट्या असतात. केस त्यांवर अडकतात. तिथं टोकाला आकडा केलेली तार किंवा दुकानात मिळणारी काटेरी प्लास्टिकची पट्टी चालते. पट्टी घालून पुढे ढकलत बसू नका, फिरवून वर ओढा.

नंतर बॉटल ट्रॅप, म्हणजे बेसिनखाली लटकणारी स्टीलसारखी चमकणारी बाटली. खाली बादली ठेवा आणि तळाची वाटी हातानं फिरवून काढा. घट्ट असेल तर फडकं गुंडाळून पकड लावा, नाहीतर क्रोमवर ओरखडे पडतात आणि घरमालक डिपॉझिटमधून वळते करतो. आतला काळा गाळ धुऊन टाका, रबरी वॉशर चपटा झाला असेल तर बदला. धुताना त्याच बेसिनचा नळ सोडणारे महाभाग दर पावसाळ्यात एखादा तरी भेटतो.

आता लवचीक पाइप. माझ्या मते निम्म्या तक्रारींचं मूळ हा पाइपच असतो आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही. त्याच्या आतल्या वळ्यांत साबणाचा थर धरतो. बोअरचं पाणी असेल तर जास्तच, कारण जड पाण्यातला कॅल्शियम साबणाशी मिळून न विरघळणारा चिकट साका तयार करतो. त्यात खोबरेल तेल. ते साधारण 24 अंशांखाली गोठतं, म्हणून आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत ही तक्रार वाढते. पाइप लांब असला की मध्ये झोळ पडतो आणि झोळात गाळ बसतो. सगळ्यात वाईट म्हणजे तो फरशीच्या भोकात खोलवर कोंबलेला असतो; तोंड नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे जाळीखाली पाणी साठवून वास अडवणाऱ्या भांड्याच्या, तळाला टेकतं आणि पाण्याला वाट उरत नाही. एक-दोन इंच आत गेला तरी पुरे. धुण्यापेक्षा नवा घ्या, साधा पीव्हीसीचा फार महाग नसतो. बेसिनचं माप सहसा 32 मिलीमीटर, म्हणजे सव्वा इंच. किचन सिंकचा 40 चा उचलून आणाल आणि परत फेरी पडेल. जुना पाइपच सोबत न्या.

तुमच्या गुडगुडीबद्दल. बेसिनखाली बॉटल ट्रॅप आणि फरशीत नहाणी ट्रॅप असे दोन्ही असतील, तर दोन्हीकडे पाणी भरलेलं राहतं आणि मधल्या पाइपात हवा कोंडते. वरून पाणी आलं की त्या हवेला निघायला जागा नसते, ती उलटी वर बुडबुडत येते आणि पाणी थांबत थांबत उतरतं. कुणीतरी पाइपाचं भोक व्हाइट सिमेंटनं किंवा रबरानं गच्च बंद केलं असेल तर हे हमखास होतं. उपाय सोपा आहे: पाइप नहाणी ट्रॅपमध्येच पडत असेल आणि त्या ट्रॅपमध्ये पाणी राहत असेल, तर बॉटल ट्रॅप काढून थेट पाइप जोडला तरी चालतं. मात्र पाइप भिंतीत जात असेल तर बॉटल ट्रॅपला हात लावू नका. तिथं वास आणि झुरळं अडवणारं तेवढंच पाणी असतं.

बादलीची परीक्षा बेसिन पास झालं तर फरशीची जाळी काढा. आत प्लास्टिकची वाटी असते, ती उचलून धुवा आणि पुन्हा बसवा. पाणी झटकन जावं म्हणून ती वाटी फेकून देणारे लोक महिन्याभरात वासावर औषध मागायला दुकानात येतात.

रबरी पंप मारायचा असेल तर बेसिनच्या वरच्या बाजूचं ओव्हरफ्लोचं भोक ओल्या फडक्यानं दाबून धरा, नाहीतर सगळा जोर तिथूनच निघून जातो. पावडर टाकल्यावर लगेच पंप मारू नका.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरचा व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. फेस भरपूर येतो. पण दोघं एकमेकांना मारतात, मागे मिठासारखं पाणी उरतं, केसाचा गुंता होता तिथंच राहतो. कॉस्टिक सोडा केस आणि तेल खरंच विरघळवतो, त्याबद्दल वाद नाही. पण साचलेल्या पाण्यात तो पातळ होतो, वरवरचं खातो आणि क्षाराच्या थराला काही करत नाही. म्हणून तुमचे ते चार दिवस. कमी पाण्यात जास्त टाकला तर आतच दगडासारखा घट्ट होतो, मग पाइप कापावा लागतो. आणि पावडरवर बाथरूमचं ॲसिड कधीही ओतू नका. उकळून अंगावर उडतं. ॲसिड आणि ब्लीच एकत्र झालं तर क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो. उकळतं पाणीही नको, पीव्हीसी मऊ पडतो. हाताला सोसेल इतकं गरम, तेलासाठी तेवढं पुरतं.

एवढं करूनही जाळीतून पाणी वर येत असेल, विशेषतः वरच्या मजल्यावर कुणी आंघोळ करतंय त्या वेळी, तर तो सामायिक लाइनचा चोकअप आहे आणि ते काम सोसायटीचं. सेक्रेटरीला सांगा, खर्च तुमच्या खिशातून नको. आणि लाइन ठीक असून फक्त तुमच्या फरशीतलं अडलं असेल तर प्लंबरला फोनवरच सांगा, "बेसिन साफ केलंय, चोकअप फरशीच्या आत आहे, स्प्रिंग घेऊन या." नाहीतर तो येऊन आधी नवं कपलिंगच बसवेल.