गर्दीच्या तासाचा हिशेब

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा दोनदा वाचला. शहरभर उन्नत मार्गांचे जाळे, त्यावर धावणाऱ्या चार आसनांच्या चालकविरहित पॉडगाड्या आणि मधल्या एकाही थांब्यावर न थांबता प्रवाशाला थेट इच्छित स्थळी नेणारी सेवा ही कल्पना मला मनापासून आवडते, आणि म्हणूनच तिची परीक्षा कडक घ्यावीशी वाटते. बस आणि रेल्वे तू कालबाह्य ठरवल्या आहेस. पण गर्दीच्या एका तासात एका मार्गिकेवरून एका दिशेने किती माणसे जातील, हा आकडा आराखड्यात कुठेच नाही. सुरुवात तिथून कर.

गाडीचा वेग ताशी 36 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 10 मीटर धर. बसलेल्या प्रवाशांना सोसेल अशा बेताने हा वेग दर सेकंदाला अडीच मीटरने उतरवला, तर थांबायला 20 मीटर लागतात. ब्रेक लागेपर्यंतच्या अर्ध्या सेकंदात आणखी 5 मीटर जातात आणि गाडीची लांबी 4 मीटर धरली, तर दोन गाड्यांमध्ये जवळपास तीन सेकंदांचे अंतर राखावे लागते. पुढची गाडी जागच्या जागी थांबली तरी मागची तिच्यावर आदळू नये, हा दंडक पाळायचा तर याहून जवळ जाता येत नाही. म्हणजे तासाला 1,200 गाड्या. अनोळखी माणसांना एकत्र बसवायचे नाही असे तूच ठरवले आहेस, त्यामुळे गाडीमागे सरासरी दीड प्रवासी धरले तर 1,800 माणसे होतात. सगळी आसने भरली तरी 4,800. दर दोन मिनिटांनी हजार प्रवाशांची गाडी सोडणारी मेट्रो त्याच तासात 30,000 माणसे नेते. संगणकाच्या भरवशावर अंतर अर्ध्या सेकंदावर आणता येईल, हे तुझे गृहीतक मला मान्य नाही, कारण गाडी रुळात अडकली किंवा तिचे चाक निखळले, तर संगणक कितीही जलद असला तरी मागच्या गाडीला थांबायला लागणारी जागा कमी होत नाही.

आजवर काय टिकले, तेही पाहा. अमेरिकेतील मॉर्गनटाउन शहरातली चालकविरहित गाड्यांची व्यवस्था 1975 पासून तिथल्या विद्यापीठाच्या विखुरलेल्या परिसरांना जोडते. पण तिच्या एकेका गाडीत सुमारे 20 माणसे मावतात आणि गर्दीच्या वेळी ती मागणीनुसार नव्हे, तर ठरलेल्या वेळापत्रकाने धावते. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर 2011 मध्ये सुरू झालेल्या 21 पॉडगाड्या टर्मिनल 5 आणि वाहनतळ यांच्यामधील सुमारे 3.8 किलोमीटरच्या मार्गापुरत्या आहेत. अबू धाबीजवळच्या मसदार शहरात सगळी वाहतूक पॉडगाड्यांनी करण्याचा बेत होता, तो प्रवाशांच्या अवघ्या दोन स्थानकांवर थांबला. यांतून कल्पना खोटी ठरत नाही, तिची जागा कळते: प्रवासी थोडे, दिवसभर विखुरलेले, आणि परिसर आखीव.

बसच्या गैरसोयीबद्दल तू लिहिले आहेस ते मात्र खरे आहे. वीस मिनिटे ताटकळायचे आणि मग त्याच कोंडीत अडकायचे, हे कोणी आनंदाने पत्करत नाही. पण हा दोष मोठ्या वाहनाचा नसून तुटपुंज्या फेऱ्यांचा आणि मार्गिका न राखण्याचा आहे. ब्राझीलमधील कुरितिबाने 1974 मध्येच बससाठी स्वतंत्र मार्गिका राखल्या. पुढे तिथे चढण्यापूर्वीच भाडे घेणारी, बसच्या आतल्या तळाइतक्या उंचीची स्थानकेही आली. कोलंबियाची राजधानी बोगोटामध्ये 2000 पासून स्थानकांजवळ थांबलेल्या बसला मागे टाकून पुढे जाण्यासाठी दुसरी मार्गिका दिली गेली, आणि त्या बळावर तिथल्या बस एका दिशेने तासाला 40,000 हून अधिक माणसे नेऊ शकल्या, म्हणजे पुष्कळशा मेट्रोंच्या तोडीस तोड.

आराखडा नव्याने लिहिताना शहरातील सर्वांत गर्दीचा एकच मार्ग निवड आणि त्यावर पॉडगाडी, स्वतंत्र मार्गिकेवरील बस आणि रेल्वे या तिघांचा वर केला तसा हिशेब मांड. त्यात रिकाम्या परतणाऱ्या गाड्या धर, आणि उंच मार्गावर गाडी बंद पडली तर चाकाच्या खुर्चीतल्या प्रवाशाला खाली कसे उतरवायचे, हेही लिही. हा मसुदा तयार झाला की पाठव. आपण आकडे एकत्र तपासू.

तुझा शुभचिंतक