कोकणात नवं घर बांधतोय. आधुनिक दिसावं म्हणून सपाट स्लॅब चालेल, की उतरतं छप्परच हवं?

सपाट स्लॅब चालेल, पण नुसत्या वॉटरप्रूफिंगच्या भरवशावर नको. ढाळ आणि छज्जे नकाशातच दाखवून घ्या. रत्नागिरीकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत आणि वाऱ्यासकट तिरका. साइटवर काम बघताना गळती स्लॅबच्या मधोमध क्वचितच दिसते. ती असते पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) सांध्यात, नाहीतर पाइपच्या तोंडाशी, जिथे आंब्याची पानं अडकून पाणी तुंबतं. म्हणून:

- ढाळ किमान 1:100, म्हणजे दहा फुटांना सव्वा इंच
- पॅरापेटच्या कोपऱ्यात सिमेंटची गोलाई, पाइप एक नाही, दोन
- खिडक्यांवर दोन फुटांचा छज्जा. डिझायनर ‘बॉक्स लूक’ साठी तो उडवायला बघेल, ऐकू नका. भिंतीचा उघडा चिरा (जांभा दगड) पाणी पितो.

वॉटरप्रूफिंग झालं की स्लॅबवर आळी (छोटे बांध) बांधून 48 तास पाणी साठवा आणि खालून छत बघा, मगच मिस्त्रीचा शेवटचा हप्ता द्या. मात्र घर वर्षातले आठ महिने बंद राहणार असेल, तर पाइप साफ करायला कोणी नसतं. तिथे उतरतं छप्परच बरं. माकडं कौलं फोडतात, ते वेगळं.